वहिनीने पकडलेली खरखर

माझी थोरली वहिनी पस्तिशीत टेलिफोन दुरुस्ती सोडून कॉम्प्युटरच्या केबलकडे वळली. कितीतरी शाळा-दवाखान्यांच्या छतांमधून तिने टाकलेल्या केबल गेल्या आहेत.

गेल्या वर्षी चार मजली वाचनालयातलं नेटवर्क दगा देऊ लागलं. पुस्तकाची नोंद करायला जावं तर कॉम्प्युटर ढिम्म. मिनिटभराने आपोआप सुरू. दोन कंपन्यांची माणसं यंत्रं बदलून गेली, तरी ये रे माझ्या मागल्या. शेवटी ग्रंथपालबाईंनी वहिनीला बोलावलं.

वहिनीने कशालाच हात लावला नाही. आठवडाभर नेटवर्क किती वाजता रुसतं आणि तेव्हा इमारतीत काय काय चालू असतं, तेवढं वहीत टिपलं. मग एका सकाळी माझ्या आईला म्हणाली, "आई, एक काम कराल? लिफ्टमध्ये उभं राहून खाली-वर करायचं."

"कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. मी थांबा म्हणेपर्यंत नुसतं खाली-वर."

सुनेच्या कामात आपली गरज पडली म्हणून आई ठेवणीतल्या चपला घालून निघाली.

तिसऱ्या मजल्यावर वहिनी शिडीवर चढली, छताची फळी सरकवली आणि जुना रेडिओ केबलजवळ धरला. मी खाली कॉम्प्युटरवर, वाटेत बिघडलेल्या संदेशांचा आकडा बघत फोनवर तिला सांगत होते. लिफ्ट हलली की रेडिओ खरखरे आणि इकडे आकडा भराभर चढे. लिफ्ट थांबली की दोन्ही गप्प. सतराव्या फेरीला आईने तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारातून डोकं काढलं. "अगं, माझं डोकं गरगरायला लागलंय! तुझं काही जमतंय का?"

"जमलं!" वहिनी ओरडली.

लिफ्टच्या मोटरची जाड वायर आणि नेटवर्कची केबल एकाच पत्र्याच्या खोबणीतून गळ्यात गळे घालून चाळीस फूट गेल्या होत्या. मोटर नुकतीच बदलली होती. ती फिरली की तिच्या विजेचा गोंगाट शेजारच्या केबलमध्ये शिरायचा. आणि केबलवर निळ्या शाईतली खूण वहिनीच्या हातची होती.

ती खाली उतरून थेट ग्रंथपालबाईंसमोर उभी राहिली. "ही केबल नऊ वर्षांपूर्वी मीच टाकलीय, पण कुठून नेली ते विसरले होते. आयती खोबणी दिसली आणि मी कंटाळा केला."

आता हे काम गेलं, असं मला वाटलं. बाईंनी चष्मा काढला आणि खो खो हसल्या. "म्हणजे चोर घरातलाच! मग बाहेरच्यांना कसा सापडणार?"

दोन दिवसांत वहिनीने कवच असलेली केबल समोरच्या भिंतीवरून नेली. एके ठिकाणी विजेची वायर ओलांडावीच लागली, तिथे अधिकच्या चिन्हासारखी आडवी नेली. आईने पुन्हा फेऱ्या मारल्या, या खेपेला चाळीस. आकडा शून्यावरून हलला नाही.

वहिनीने हे सगळं आकड्यांसकट आठ पानांत लिहून काढलं. तंत्रशाळेच्या मास्तरांनी ते वाचून तिला वर्गात बोलावलं. ती अंगठ्याएवढा खडू घेऊन उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "यातली चूक माझी आहे." वर्ग हसला, तीही हसली.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "केबलमधल्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या का असतात?"

"शेजारचा थोडाफार गोंगाट मग दोघींच्या वाट्याला सारखाच येतो," वहिनी म्हणाली. "संदेश असतो दोघींमधल्या फरकात. दोघींना सारखंच मिळालं, की फिट्टंफाट!"

आता दर गुरुवारी तिचा वर्ग असतो.