दोन नाण्यांचा न्याय

शिंदखेडा तालुक्यातल्या त्या गावात जीवराम आबांइतका न्यायी माणूस नाही, असं सगळे म्हणत. म्हणोत बापडे. त्यांच्या धाकट्या सुनेला, सुनंदाबाईला, कोणी विचारलं नव्हतं.

घरात तीन सुना आणि अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली सासू, धुरपदाबाई. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही सासुरवाशिणींची दिवाळी. झोके, गाणी, आईच्या हातच्या सांजोऱ्या. पण तिघी एकदम माहेरी गेल्या तर म्हातारीला कोण बघणार? एकीने मागे राहायचं. कोणी, ते आबा नाणी उडवून ठरवत. एक रुपया आणि एक आठ आणे. दोन्ही छापे पडले तर थोरल्या वच्छलाबाईने राहायचं, दोन्ही काटे पडले तर मधल्या मंदाबाईने, आणि एक छापा एक काटा आला तर सुनंदाबाईने. तिघींना तीन खुणा. कुरकुरीला जागाच नाही.

लग्न होऊन आल्यापासून सुनंदाबाई एकदाच आखाजीला जळगावला, पिंप्राळ्याच्या माहेरी गेली होती. एरवी जावा बोचकी बांधत आणि निघताना म्हणत, "तुन्हं नशीबच तसं शे, बाई." तिलाही ते पटत आलं होतं. चुलीशी बसून ती त्या नशिबाला मनसोक्त शिव्या घाले. तेवढंच हलकं वाटे.

१९८७ साली आईचा निरोप आला. डोळे चाललेत, दिसतंय तोवर एकदा तुला झोक्यावर बघू दे. मग सुनंदाबाईचं कशात लक्ष लागेना.

एका दुपारी सासूला पेज भरवून तिने देवळीतली तीच दोन नाणी घेतली आणि म्हातारीची करमणूक म्हणून गोधडीवर टाकली. रुपया छापा, आठ आणे काटा. मेलं तेच. पुन्हा टाकली. रुपया काटा, आठ आणे छापा. तिचा हात थांबला. ही तर दोन वेगळी दानं, आणि दोन्ही तिच्याच पदरात. दोन्ही छापे एकाच रीतीने पडतात, दोन्ही काटेही एकाच. एक छापा एक काटा मात्र दोन रीतींनी. चारातल्या दोन तिच्या. जावांना एकेक वाटा, तिला दोन. नशीब कुठलं, हिशेबच वाकडा होता.

तिला हसूच फुटलं. आबा न्यायी, त्यांच्या लक्षात आलं नसेल, सांगितलं की संपलं. पदर सावरून ती ओट्यावर गेली.

"आबा, यामा चार तऱ्हा शेतस. त्यामा दोन मन्याच शेतस."

आबा तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "माले ठाऊक शे."

"मंग तोंडवर का सांगं नही?"

"सांगतू ते तू रुसती. नाणावर कोन रुसस?" आबांचा आवाज मऊ झाला. "तू ऱ्हास तवय म्हतारीनी पाठ कोरडी ऱ्हास. त्या दोन्हीसना भरवसा नही, बेटा."

सुनंदाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. नीट काम केल्याची ही शिक्षा. आणि शिव्या तरी कोणाला घालायच्या? नशिबाला घालता येत होत्या. या माणसापुढे तर वाकायचं होतं.

आखाजीच्या तोंडावर भाऊ तिला न्यायला आला. आबांनी नाणी उडवली. दोन्ही छापे. वच्छलाबाई तोंड पाडून पुटपुटली, "म्हतारी दोन दिन उपाशी राह्यनी ते काय मरी जास?"

सुनंदाबाईने बोचकं उचललं. भाऊ पुढे चालू लागला. तेवढ्यात आतून म्हातारीने अडखळत पाणी मागितलं. वच्छलाबाई जागची हलली नाही. सुनंदाबाई उंबऱ्यात थांबली. आपण थांबलो याचाच तिला इतका संताप आला की डोळे भरून आले. तिने बोचकं खाली ठेवलं आणि पेला भरला.

"भाऊ, मायले सांग, पुढला साल येसू."

तिचा भाऊ वेशीपर्यंत पोचायच्या आत वच्छलाबाई तयार होऊन बाहेर पडली होती.

पुढल्या आखाजीला आबांनी नाणी काढलीच नाहीत. कोण राहणार हे आता ठरलेलंच होतं, काढायची गरज उरली नव्हती.