‘लेस’ म्हणायचं कुणाला?

इंग्रजी शिकवायला बसलं की समोरच्याला इंग्रजी येवो न येवो, आपल्याकडे किस्से मात्र येतात. नको म्हटलं तरी येतात. परवा भाजी निवडताना एक आठवला, त्याच्या मागून दुसरा आला, आणि भाजी तशीच राहिली. आमचे हे म्हणाले, "लिहून काढ एकदाचं, म्हणजे मला जेवायला मिळेल!" म्हणून लिहायला बसलेय.

महाडच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले. घरी बसून जीव रमेना, म्हणून बिरवाडीत वाण्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि दर रविवारी चार वाजता स्पोकन इंग्लिशचा वर्ग सुरू केला. येतात ती सगळी एमआयडीसीतली माणसं. कुणी रात्रपाळी करून, चार तास झोपून येतं, कुणी दुपारची शिफ्ट बदलून घेऊन. डुलकी लागली तर मी उठवत नाही. घोरायला लागलं तर मात्र उठवते!

पहिल्या बाकावर राजाराम. वय सेहेचाळीस, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत घर, आणि बिरवाडीत भाड्याची खोली. अठरा वर्षं एकाच केमिकल कंपनीत काँट्रॅक्टवर ऑपरेटर. त्याला नुकतंच सहा महिन्यांसाठी, ट्रायलवर, शिफ्ट इन्चार्ज केलं होतं. सहा महिन्यांनी साहेब लोकांना पसंत पडला तर कायम होणार होता, आणि इन्चार्जला कागद इंग्रजीत भरावे लागतात. त्याची मुलगी स्नेहल महाडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "बाई, मी कायम झालो की तिचं शिक्षान पुरं व्हतंय. नाय झालो तर कठीन हाय," हे त्याने मला प्रवेश घेतानाच सांगितलं होतं. एवढं सरळ कारण सांगणारा विद्यार्थी मला शाळेत तीस वर्षांत भेटला नव्हता.

*

‘लेस’चा धडा काढला तो दिवस मी विसरणार नाही.

मोअर, बेटर, बिगर हे सगळं झपाझप झालं होतं. आता उलट्या बाजूने तुलना. ‘लेस’, ‘नॉट अॅज’, ‘लीस्ट’. मी म्हटलं, शेजारी बसलेल्या माणसाशी तुलना करून प्रत्येकाने एक वाक्य सांगा.

सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली. खालून वाण्याच्या तराजूत वजनं पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी राजाराम उठला. शेजारी विलास बसला होता. विलास त्याच्याच शिफ्टमधला, सत्तावीस-अठ्ठावीसचा, अंगाने बारका, राजारामच्या खांद्याला लागतो. राजारामने घसा साफ केला आणि म्हणाला, "आय अॅम नॉट अॅज टॉल अॅज विलास."

मी म्हटलं, "अहो राजाराम, तुम्ही उंच आहात! विलास बुटका आहे!"

"आसूं द्या बाई. वाक्य झालं ना!"

मग लाइनच लागली. आय अॅम लेस क्लेव्हर दॅन धिस. आय अॅम लेस स्ट्राँग दॅन दॅट. वीस माणसं, वीस वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यात कमी कोण, तर बोलणारा स्वतः! शेजारच्याला कमी म्हणायला एकही तयार नाही. मी चिडले. फळ्यावर खडू आपटला आणि म्हटलं, "अहो, हा व्याकरणाचा तास आहे, आरती नाही! एकमेकांच्या पाया पडू नका!"

सगळे खाली मान घालून हसले आणि कुणीही वाक्य बदललं नाही.

*

पुढच्या रविवारी मी शहाणपणा केला. माणसं नकोत, वस्तू घ्या म्हटलं.

वर्गात मंगल म्हणून एक बाई आहेत. सव गावच्या, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात. सवला गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणून मी त्यांना मुद्दाम सोपं वाक्य दिलं: नळाचं पाणी झऱ्याच्या पाण्यापेक्षा कमी गरम आहे.

मंगल उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि पुन्हा खाली बसल्या.

"काय झालं हो?"

"बाई, दोनी पान्यानं आंगोळ केलीय मी. आता या वयात एकाला कमी म्हनू?"

तेव्हा हसले मी. घरी जाताना रिक्षात मात्र उगाच वाटत राहिलं, की माझ्या हातून आजवर अशी किती वाक्यं सहज गेली असतील.

*

या मंगलचंच आणखी एक. पुस्तकात वाक्य होतं, ‘देअर इज लेस राइस इन माय हाऊस.’ मोठ्याने वाचायचं होतं. मंगलनी पुस्तक मिटलं.

"घरातल्या तांदळाला कमी म्हनायचं नाय, बाई. सांजच्या टायमाला तर नायच नाय."

मी समजावलं, की हे तुमचं घर नाही, पुस्तकातलं घर आहे. "पुस्तकातल्या बाईनं काय वाईट केलंय?" म्हणाल्या! बरं बाई, म्हटलं, मग कुणाच्या घरात कमी आहे म्हणू या? मंगलनी जरा विचार केला, जमिनीकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "देअर इज लेस राइस इन वाणी’ज शॉप!"

खालून वाणी ओरडला, "कोन म्हनतो रे?"

*

आता प्रशांत. हा आमच्यातला शिकलेला. डिप्लोमा झालेला, दोन वर्षं मुंबईला राहून आलेला, दर वाक्यात एक ‘मतलब’ आणि एक ‘बेसिकली’. मुलगा चांगला आहे, फक्त घाईचा. तोही राजारामच्याच शिफ्टला आहे आणि त्याला ही नोकरी राजारामनेच शब्द टाकून मिळवून दिलेली.

सगळे स्वतःला कमी म्हणतायत हे बघून तो कंटाळला असावा. एका रविवारी तो ताडकन उठला आणि म्हणाला, "राजारामदादा इज लेस एज्युकेटेड दॅन मी."

वाक्य बिनचूक होतं. महिनाभर मी ज्याची वाट बघत होते तेच वाक्य. आणि मलाच कुठे बघावं कळेना. विलासने तर डोळे मिटून घेतले.

टाळ्या वाजल्या त्या पहिल्या बाकावरून. राजाराम मागे वळून मोठमोठ्याने टाळ्या वाजवत होता. "बरोबर हाय! वाक्य एकदम बरोबर हाय! बाई, याला शाब्बासकी द्या की!"

शाब्बासकी मी दिली. प्रशांतला ती घेववली नाही. तास सुटल्यावर तो जिन्यात राजारामच्या चपला सरळ करून ठेवत होता, मी पाहिलं.

*

एक किस्सा माझ्यावरचा आहे. टाळणार होते, पण मग बाकीचे सांगायचा मला हक्क राहत नाही.

चहाच्या वेळी विलास माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, तुमी मला वळाखलं नाय ना? मी तुमचा इद्यार्थी. सातवी ब."

मला खरंच आठवेना. शाळेत वर्गाला साठ-साठ मुलं असायची. मी ओशाळून विचारलं, "अभ्यासात कसा होतास रे?"

"तुमीच लिवलं हुतं ना प्रगतिपुस्तकात. ‘इतरांच्या मानाने आकलन कमी.’" अगदी हसत म्हणाला. राग नाही, टोमणा नाही. "आईनं बापाला तेवडी वळ वाचून दावली नाय. सही घेतली नुसती."

हातातला कप मी खाली ठेवला. प्रगतिपुस्तकं मी एका बैठकीत पन्नास लिहीत असे, रेडिओ ऐकत ऐकत. चार-पाच ठरलेली वाक्यं होती, ती फिरवून फिरवून लिहायची. ‘इतरांच्या मानाने कमी’ हे त्यातलं सगळ्यात सोयीचं. पंधरा वर्षांनी एखादा ते तोंडपाठ म्हणून दाखवेल असं मनातही आलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "चुकलंच माझं, विलास." तर तोच गडबडला. "नाय नाय बाई, बरोबरच हुतं. मी हायेच स्लो. शिफ्टला पन राजारामदादाच सांबाळून घेतो, म्हनून चाललंय."

खोटं नव्हतं ते. विलासचे हात खरोखर सावकाश चालतात. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती, तिचा आणि बाळाचा फोटो त्याने मला तीनदा दाखवला.

*

हे सगळं झाल्यावर, सहा महिने संपत आले तेव्हा, एका रविवारी राजाराम तासाच्या आधीच येऊन बसला. वही पुढे केली. "बाई, येक वाक्य लिवलंय. माझं मी. जरा बगा."

पुस्तकातलं नसलेलं, स्वतः होऊन लिहिलेलं त्याचं पहिलं वाक्य! ‘माय नीड ऑफ जॉब इज लीस्ट.’ माझी नोकरीची गरज सगळ्यात कमी आहे.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ‘लीस्ट’ अचूक जागी. मी लाल पेन काढलं, ‘ऑफ’चं ‘फॉर अ’ केलं, ‘लीस्ट’च्या आधी ‘द’ घातला, बाजूला बरोबरची मोठी खूण केली आणि खाली व्हेरी गुड लिहिलं. वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं. विलासने, प्रशांतने, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजाराम लाजला.

वाक्य बरोबर आहे का, एवढंच मी पाहिलं. ते कशासाठी लिहिलंय हे विचारलं नाही.

*

त्याच्या पुढच्या रविवारी तास नुकताच सुरू झाला होता, तोच जिन्यावर बुटांचा आवाज आला. वर आला तो राजारामच्या कंपनीच्या ऑफिसातला तरुण साहेब. माणूस सभ्य. दाराशी बूट काढले, नमस्कार केला आणि हातातला कागद माझ्यापुढे धरला.

"बाई, हे अक्षर तुमचं का?"

छापील फॉर्म होता, आणि त्याला टाचणीने वहीचं एक पान जोडलेलं. पानावर माझं लाल व्हेरी गुड.

साहेबाने मग समजावून सांगितलं, सगळ्या वर्गासमोरच. दर वर्षी इन्चार्जने आपल्या शिफ्टमधल्या आठ ऑपरेटरांची नावं तीन रकान्यांत भरायची. शेवटच्या रकान्यात, सगळ्यात कमी म्हणून, एक नाव यायलाच हवं. त्या माणसाचं काँट्रॅक्ट पुढे चालू होत नाही. कारण इंग्रजीत लिहायचं.

"यांनी आठही जण पहिल्या रकान्यात भरले," तो म्हणाला. "खाली नवव्या नंबरला आणखी एक नाव घातलं आणि ते शेवटच्या रकान्यात टाकलं. स्वतःचं. कारण म्हणून हे पान जोडलं. मी म्हटलं, अहो, यादी तुमच्या माणसांची आहे, तुमची नाही. तर म्हणतात, मी शिफ्टमध्येच हाय की."

कुणी हसलं नाही. विलास स्वतःच्या हातांकडे बघत होता. आठांत कुणाचं नाव जायचं होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त त्याला.

"वरच्यांचं म्हणणं पडलं, नाव आलंय तर तेच घेऊन टाका," साहेब म्हणाला. "उद्या सही होईल. माझ्या मनाला पटेना, म्हणून आलो. तुम्ही यांना ओळखता. हे वाक्य तुम्ही तपासलंय. मला एवढंच सांगा बाई, हे खरं आहे का?"

मी राजारामकडे पाहिलं. तो माझ्याकडे असा बघत होता, जशी मुलं तोंडी परीक्षेत बाईंकडे बघतात, एखादा इशारा मिळेल म्हणून. मला स्नेहल आठवली. विलासच्या फोनमधलं ते बाळ आठवलं. हो म्हटलं तर एक जाणार होता, नाही म्हटलं तर दुसरा. तीस वर्षं मुलांच्या नावापुढे कमी-जास्त लिहिताना माझा हात कधी अडला नव्हता. आता मात्र मी ते लाल व्हेरी गुड बोटाने झाकलं.

"नाही," मी शेवटी म्हटलं. "खोटं आहे."

राजाराम नेहमी बोलायच्या आधी उठून उभा राहतो. त्या दिवशी राहिला नाही. बसल्या जागेवरूनच, दुखावलेल्या आवाजात म्हणाला,

"आसं काय करता, बाई? गेल्या रविवारी तुमीच तर व्हेरी गुड दिलंत!"