खरखर काढणारे श्रीकृष्णराव

जावयावर ओरडायचं नाही ही रीत ज्याने कोणी पाडली, त्याच्या जावयाला ट्रिप-हॉप नावाच्या विलायती गाण्यांचा नाद नसणार, असं श्रीकृष्णरावांचं ठाम मत झालं होतं.

त्यांची लेक मुग्धा पहिल्या बाळंतपणाला झाशीत खंडेराव गेटजवळच्या माहेरच्या घरी आली होती. जावई जयदीपराव मूळचे सांगलीचे, शहराबाहेरच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. रोज संध्याकाळी आपल्या तान्ह्या लेकीला बघायला यायचे आणि येताना काखेत एक गोल स्पीकर आणायचे. मग त्यातून ते सुरू व्हायचं. जड, खोल ठेका, इतका संथ की वाजवणाऱ्याला मध्येच डुलकी लागली असावी. त्यावर कोणी बाई कानाशी कुजबुजल्यासारखी गायची. आणि या सगळ्याच्या मागे अखंड खरखर.

खरखर ऐकली की श्रीकृष्णरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांची सगळी नोकरी झाशी स्टेशनवरचे घोषणांचे कर्णे सांभाळण्यात गेली होती. गावातल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात माइक त्यांचाच. सत्यनारायणाच्या पूजेतसुद्धा स्पीकरची घरघर थांबल्याशिवाय ते गुरुजींना तोंड उघडू देत नसत. तेव्हा एका संध्याकाळी जयदीपराव पोहे खात असताना त्यांनी तो स्पीकर उचलला, खोलला, साफ केला आणि एक धडधाकट सांधा उगाच पुन्हा सोल्डर केला. चालू केला, तर खरखर जशीच्या तशी.

"बाबा, ती गाण्यातच आहे," जयदीपराव घास गिळून म्हणाले. "मुद्दाम ठेवलीय. जुन्या तबकडीवर सुई घासते ना, तो आवाज."

"मुद्दाम?"

"हो. त्याशिवाय मजा नाही."

श्रीकृष्णराव बाहेर गेले आणि भाजीवाल्याशी टमाटर पिचके आहेत म्हणून कडाकडा भांडून आले. टमाटर चांगले होते.

खरं दुखणं वेगळंच होतं. रविवारी नातीचं बारसं होतं आणि मुग्धाने एकच हट्ट धरला होता. तिच्या स्वतःच्या बारशाला आईने म्हटलेला पाळणा त्या दिवशी वाजला पाहिजे. तिची आई, कमलताई, करोनाच्या साथीत गेल्या. त्यांचा आवाज उरला होता तो एका कॅसेटवर, याच घरात भरलेल्या. आणि ती कॅसेट म्हणजे नुसता कचरा. टेपची सरसर, कुकरची शिटी, आणि शेजारच्या रामदेई अम्मांची ढोलक. अम्मा बुंदेली. मराठी पाळण्यात त्यांचं काय काम? पण बारसं म्हटल्यावर त्या न बोलावता आल्या, मांडी ठोकून बसल्या आणि वाजवत सुटल्या. शेवटी ऐन पाळण्यात श्रीकृष्णराव ढोलकीवर खेकसले आणि तरातरा अंगणात निघून गेले. ते खेकसणंही कॅसेटवर होतं. लाज वाटायची म्हणून तिथे आले की ते नेहमी टेप पुढे पळवत.

आता त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर घेऊन घासायला काढलं होतं. सरसर काढली, शिटी काढली, ढोलक मोठ्या कष्टाने काढली. स्वतःचा ओरडा तर न ऐकताच कापून टाकला, मागचापुढचा भाग धरून.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ते मुग्धाला ऐकवलं. ती बाळाला मांडीवर घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ही आई नाहीये. ही तर स्टेशनवाली बाई वाटते. आता बोलेल, गाड़ी प्लेटफॉर्म पर आ रही है."

"कान फुटलेत का तुझे? एक डाग ठेवला नाही मी!"

"तेच तर. काहीच ठेवलं नाही तुम्ही."

श्रीकृष्णरावांचा चेहरा पडला. त्यांना रडू येत होतं, म्हणून ते आणखी चिडले. "मग करा तुमचं तुम्ही," म्हणाले आणि वायर गुंडाळू लागले.

जयदीपरावांनी हळूच स्पीकर त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, एक गाणं पूर्ण ऐका. मग हा स्पीकर मी या घरात आणणार नाही."

सौदा चांगला होता. श्रीकृष्णराव बसले. जयदीपराव मध्ये मध्ये सांगत होते. हा खालचा जड बास जमैकाकडचा. ठेका अमेरिकेतल्या हिप-हॉपमधला, पाय ओढत चालल्यासारखा संथ केलेला. ही व्हायोलिनं जुन्या सिनेमात असायची तशी. इंग्लंडात ब्रिस्टल नावाचं बंदर आहे, तिथे ही सगळी गाणी ऐकणारी माणसं शेजारीपाजारी राहायची. त्यातून हे निघालं.

"म्हणजे शेजाऱ्यांचं उचललं."

"उचललं. पण कुणाचं काही लपवलं नाही."

याचं उत्तर श्रीकृष्णरावांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण कान शेवटी त्यांचे होते. खरखरीच्या खाली त्या बाईचा श्वास ऐकू येत होता. ती कोणत्यातरी खोलीत उभी आहे, खोली जुनी आहे, हे त्या खरखरीमुळेच कळत होतं. आणि तो झोपाळू ठेका झोपलेला नव्हताच, तो तिच्यासाठी थांबत होता. गाणं संपलं.

"पुन्हा लावा," ते तिरसटपणे म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते उठले. "मूळ कॅसेट वाजवू रविवारी. पण मी ओरडतो तिथे आवाज कमी करणार. तेवढी अब्रू राहू द्या माझी."

रविवारी पाळणा फुलांनी सजला. सांगलीची मंडळी आली होती. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि श्रीकृष्णरावांनी आपला जुना डेक जयदीपरावांच्या स्पीकरला जोडून बटण दाबलं. सरसर आली. शिटी झाली. मग कमलताईंचा आवाज आला आणि त्याच्या खाली अम्मांची ढोलक, त्या स्पीकरमधून अशी भरदार की जमिनीला तळपाय लावून ऐकावी. विहीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "चाल आपलीच आहे, पण अशी डुलत नाही हो आपल्याकडे." श्रीकृष्णराव बटणावर हात ठेवून बसले होते. पण तेही ऐकण्यात गुंतले आणि हात हलायला उशीर झाला.

"अरे भई, वो ढोलक बंद करवाओ! सारी रिकॉर्डिंग चौपट हो रही है!" तरुण श्रीकृष्णराव कडाडले. बारशाची सगळी खोली हसली. म्हाताऱ्या श्रीकृष्णरावांनी घाईने बटण पकडलं.

तेवढ्यात कमलताई गाता गाता थांबल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं.

"असू द्या हो. किती चिडायचं ते! त्यांच्याच ठेक्यावर म्हणतेय मी. अम्मा, आप बजाओ."

आणि पाळणा पुढे सुरू झाला.

हे श्रीकृष्णरावांनी कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा ते अंगणात होते, आणि नंतर दर वेळी टेप पुढे पळवत होते. मुग्धा डोळे पुसत त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी बटणावरचा हात काढून घेतला.

"बघताय काय, जयदीपराव," ते खेकसले. "आवाज वाढवा."