तोफेच्या पुंगळीला कुंकू

लग्नात बायकांनी मला नाव घ्यायला लावलं. मी घेतलं, सगळा मांडव हसला, आणि नवरदेव मात्र ताटाकडे बघत जिलेबी मोडत बसले. मनात म्हटलं, सांगली सोडून रहिमतपूरला आले ती असल्या शिष्टाच्या पदरात पडायला!

शिष्ट कसले, बहिरे होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. आठव्या दिवशी दावं तोडलेला बैल मागून यांच्या अंगावर आला. मी जीव तोडून ओरडले, हे वळले नाहीत. शिंग बरगडीला घासून गेलं तेव्हा कुठं मागं बघितलं.

त्या दिवशी यांनीच मला सगळं सांगितलं. लढाईत हे ब्रह्मदेशाकडे विमानांच्या तोफा भरायच्या कामावर होते. पंखांखाली दोन तोफा, एकेक गोळा मक्याच्या कणसाएवढा. नेम जुळवायचा तर विमान जमिनीवरच उभं करून, शेपटाला टेकू देऊन समोरच्या मातीच्या ढिगात गोळे मारायचे. हे पंखापाशी उभे, कानात कापसाचा बोळा! अहो, दिवाळीत फटाका उडवताना आपण लेकराचे कान दाबतो. त्या दीडशहाण्या साहेबांना तेवढीही अक्कल नव्हती.

आणि सासरे? ते म्हणायचे, "जखम हाय का कुठं? न्हाई न्हवं? मग गप ऱ्हावा. लढाईवरनं आलेला गडी बहिरा, म्हटल्यावर गाव हसंल." खरंच हसलं असतं. आंधळ्याची लोकांना कीव येते, बहिऱ्याचं हसू येतं. पण न सांगून काय झालं? शेजारच्या मळेकऱ्यानं तीनदा हाक मारली, यांनी ओ दिली नाही. "विमानातला साहेब झालाय," म्हणत त्यानं बोलणं टाकलं. मग दुसऱ्यानं टाकलं. हे पारावर जायचे बंद झाले. दिवसभर उसात एकटे; घरातसुद्धा चार शब्द बोलेनात. माणूस माझ्या डोळ्यांदेखत मुका होत चालला होता.

खंडेनवमीला सासऱ्यांनी विळे, खुरपी, कुदळ पाटावर मांडली आणि यांनी लढाईवरून आणलेली तोफगोळ्याची रिकामी पितळी पुंगळी मधोमध ठेवली. गावाला मुद्दाम बोलावलं होतं. मला म्हणाले, "सूनबाई, हळद-कुंकू वाहा."

माझं टाळकंच सरकलं. "मामंजी, हिनं माझ्या नवऱ्याचे कान खाल्ले. हिला मी कुंकू लावू? ठार बहिरे झालेत ते, आणि तुम्ही गावापासून लपवताय!"

सगळ्यांच्या माना यांच्याकडे वळल्या. हे एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. शेवटी तो मळेकरी पुढं आला, यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं आपल्या कानाला बोट लावलं.

यांना कळलं. बहिरी माणसं बोलतात तसं, अंगणाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हे बोलले, "गड्या, म्या तुला टाळत न्हवतो रं. आबांनी सांगू नगं म्हटलं हुतं."

सासरे मान खाली घालून बसले. बायका म्हणाल्या, म्हातारा माणूस, झालं गेलं सोडून दे.

मला दया आली नाही. आजही येत नाही.