खिडकीतला हात

"आधी हात दावा!"

गिऱ्हाईक कितीही बडं असो, आलेपाकवाले बाबा गाडीच्या खिडकीखाली उभे राहून हे म्हणायचेच. हात बाहेर आला की तो नीट बघायचे, पुडी तळव्यावर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाची बोटं स्वतः मिटायचे. तोंडाकडे ढुंकूनही बघत नसत. म्हणायचे, "तोंडं काय, धा जनांची सारकी. हात मातुर ज्याचा त्याचा."

कर्जतला तेव्हा पुण्याची गाडी थांबायची ती काही कर्जतवरच्या प्रेमानं नव्हे. घाट चढायला मागून इंजिनं जोडावी लागत, म्हणून. तेवढ्या वेळात बाबा आल्याच्या वड्या विकायचे. वळणांनी आणि बोगद्यांनी ज्याच्या पोटात ढवळतं त्याला विचारा त्यांची किंमत! तुमच्यापैकी कोणी त्या दिवसांत घाट चढला असेल, तर त्यानंही खाल्ल्या असतील. पुडीवर गेरूच्या रंगाचा ठसा असे: आगगाडीची खिडकी आणि तिच्यातून बाहेर आलेला हात. ठसा बाबांनीच सागाच्या तुकड्यावर कोरलेला.

मी कर्जतच्या कोर्टात वकिली करत होतो, म्हणजे बहुतेक वेळ स्टेशनवर चहा पीत होतो. बाबा मूळचे खालापूरकडचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही, स्टेशनामागच्या खोलीत एकटेच. एकदा विचारलं, "बाबा, करमतं का हो एकट्याला?"

"एकटा कुटं? किती हात येतात माज्याकडं दिसभर." मग टोपलीवरचं फडकं सारखं करत म्हणाले, "घरला कुनी येत नाय, ती गोष्ट निराळी."

लढाईचे दिवस होते. एका दुपारी मुंबईच्या उतारूनं खिशातून एक छापील डबी काढून त्यांना दाखवली. "मुंबईतही विकायला लागलात वाटतं?" डबीत आलेपाक, आणि वर तीच खिडकी, तोच हात! बाबा डबी घेऊन धापा टाकत माझ्याकडे आले. चौकशी केली तेव्हा कळलं, मुंबईच्या एका शेठनं ही निशाणी आपल्या नावावर नोंदवायला अर्ज केला आहे आणि हरकत घ्यायची मुदत अजून आहे. मी बांधांच्या भांडणांचा वकील. ट्रेडमार्क कशाशी खातात ते मला ठाऊक नव्हतं. तरी हरकत ठोकून दिली.

"आन् निशानी ग्येली तर?" बाबांनी विचारलं.

"हा ठसा मारता येणार नाही. वड्या विका की खुशाल."

"मंग गाडीतल्यांना कळंल कसं, मी हाय म्हनून?"



ट्रेडमार्कच्या कचेरीला पुरावा हवा होता. बाबांकडे ना दुकान, ना जाहिरात, ना छापखान्याचं बिल. मी आणि स्टेशनवरच्या एका हमालानं शपथेवर लिहून दिलं. पण आम्ही ओळखत होतो ते बाबांना. चित्र बघून माल ओळखणारं गिऱ्हाईक पाहिजे होतं. कर्जतकर कशाला आलेपाक घेईल? त्याला कुठं घाट चढायचा होता! गिऱ्हाइकं सगळी गाडीत बसून निघून गेलेली.

मग आम्ही दोघं फलाटावर साक्षीदार शोधू लागलो. बाबा पुडी देत, मी पेन घेऊन मागे. "साहेब, साक्षीला नाव-पत्ता द्याल का?" साक्ष म्हटलं की हात असा आत जायचा, कासवानं शिकावं! कोणाला वाटे लढाईचा फंड, कोणाला वाटे पोलीस. एका पुणेकर गृहस्थांनी आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव नीट फोडून सांगितलं, आणि पत्त्याला आले तोच गाडी हलली. "सदाशिव..." एवढंच कानावर आलं.

मी चिडून पेन आपटलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे, वकीलसायेब. घाईत असतात बिचारी."

सुनावणीला मुंबईला निघालो तेव्हा बाबा खिडकीशी बसले. गाडी सुटेपर्यंत त्यांनी हात बाहेर काढून ठेवला होता. "कुनी काय ठेवलं नाय," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

कचेरीत शेठचे वकील फाडफाड बोलत होते. शेठनं पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि बाबा ताडकन उठले. "ह्या हातावर मी पुडी ठेवल्याली हाय! करंगळी वाकडी. आलं झोंबतंय म्हनला होता!"

शेठनं हात कोटाच्या खिशात घातला. अधिकारी भला माणूस होता. हळूच म्हणाला, "बाबा, हे पुराव्यात कसं घेऊ?" निशाणी शेठची झाली.

घरी आल्यावर बाबांनी पटाशी घेतली आणि ठशातला हात तासून टाकला. खिडकी राहू दिली. "ही तरी कुनाच्या बापाची नाय ना?"

"नाही," मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

तेव्हापासून पुडीवर नुसती रिकामी खिडकी. विक्री चालू राहिली, पण "हात दावा" बंद झालं. पुडी खिडकीच्या चौकटीवर ठेवायचे आणि पुढे सरकायचे. तो आवाज नसलेला फलाट मला अगदी भकास वाटायचा.

पुढे एका थंडीत ते तापानं गेले. खांद्याला मी, तो हमाल आणि स्टेशनवरचे दोघे. अग्नी हमालानं दिला.

त्यानंतर एकदा मी कल्याणहून पुण्याला निघालो होतो. कर्जतला गाडी थांबली. फेरीवाला शेठच्या डब्या घेऊन खिडकीशी आला. समोरच्या बाईंनी हात बाहेर काढला आणि डबी बघून मागे घेतला.

"ही नको. ती रिकाम्या खिडकीची पुडी असते ना, ती द्या. आमचे म्हातारबाबा कुठं गेले?"

"कोन म्हातारबाबा?" फेरीवाला नवा होता.

शेजारच्या डब्यातूनही कोणीतरी ओरडलं, "अहो, खिडकीवाला आलेपाक आहे का?"

माझ्या खिशातलं पेन केव्हा बाहेर आलं, कळलंच नाही. "बाई, तुमचं नाव? पत्ता?"

बाईंनी सांगितलं. न घाबरता, सावकाश, घराच्या नंबरासकट. मी सगळं लिहून घेतलं.

"पण हे कशाला हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं. मागून इंजिनाचा धक्का बसला आणि गाडी घाटाला लागली.