बिय्यात्तूला पुरेल एवढा वेळ

माझ्याकडे काम करणाऱ्या बीरानइक्कांशी (थोरल्या भावाला आमच्याकडे इक्का म्हणतात) मी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही भांडले नसेन, आणि नवऱ्याला मी काही कमी ऐकवलेलं नाही. भांडण एकाच गोष्टीवरून. पडद्यावरची अक्षरं इक्का वेळेवर घालवायचेच नाहीत.

माझं दुकान कोळिक्कोडला, हलव्याच्या दुकानाच्या माडीवर. मल्याळम मालिकांखाली आम्ही मल्याळमच अक्षरं बसवतो, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. कोचीची एक कंपनी काम देते आणि त्या मालिका मग साऱ्या आखातात दिसतात. संगणकावर वर चित्र चालतं, खाली आवाजाची पट्टी. त्या पट्टीवर प्रत्येक वाक्याचा एक ठोकळा. माणूस बोलायला लागला की ठोकळा सुरू, त्याचं तोंड मिटलं की जराशानं संपला. कडा धरून पुढंमागं ओढायची, झालं. पण इक्कांच्या प्रत्येक ठोकळ्याला लांबलचक शेपूट. दृश्य बदललं, दुसराच माणूस समोर आला, तरी पहिल्याचं वाक्य खाली ठाण मांडून बसलेलं. सॉफ्टवेअर असा ठोकळा लाल करतं. इक्कांचा पडदा कायम लालभडक.

"इक्का, मिरच्या वाळत घातल्यात का?" मी विचारायची.

"असू दे. वाचणाऱ्याला पुरायला हवं ना."

"वाचणारा काय एकेक अक्षर चाचपत वाचतो?"

यावर ते चष्मा पुसत बसायचे. कारण त्यांची वाचणारी खरंच तसं वाचायची.

ती वाचणारी म्हणजे त्यांची बायको, बिय्यात्तू. आमच्याकडे गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले होते तेव्हा पोरगी कडेवर घेऊन ही वर्गाला जाऊन बसली. वाचायला शिकली, लिहायचं मात्र राहिलं ते राहिलंच. वाचताना ओठ हलायचे, शब्द संपला की ती जरा थांबायची, मग पुढचा. पन्नाशीत तिचे कान गेले. टीव्हीवर अक्षरं यायची, पण अर्ध्या वाक्यावर पोचेपर्यंत पळायची. "काय म्हणाली हो ती?" असं तिनं विचारायचं आणि इक्कांनी हातवारे करून सांगायचं. तोवर पुढची तीन वाक्यं गेलेली. इक्का छापखान्यात अक्षरं जुळवणारे. छापखाना बंद पडल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, मला हे काम शिकव. मला वाटलं, पोटासाठी आलेत. बिचारे बायकोसाठी आले होते.

काम शिकून झालं आणि वर्षाच्या आत त्यांच्या मुलीला, रम्लाला, शारजात जुळी झाली. ती उम्माला, म्हणजे आईला, तिकडे घेऊन गेली. जावयाच्या दोन खोल्यांत उप्पाला, म्हणजे बापाला, जागा कुठून असणार? तेव्हापासून इक्का एकटे. सकाळी काल उरलेली, तांदळाच्या पिठाची उकडलेली पुट्टू खाऊन येतात, दुपारी खालच्या हॉटेलातला भात. फोन करून उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही, आणि इक्कांच्या जुन्या साध्या फोनवर चेहराही दिसत नाही. संदेश पाठवले तर ती वाचते, पण उत्तर काय देणार? रम्ला तिच्या वतीनं अंगठ्याचं चित्र पाठवते. तीन वर्षं नवऱ्याला बायकोचा नुसता अंगठा. मला असला राग यायचा त्या अंगठ्याचा.

मात्र रोज संध्याकाळी बिय्यात्तू शारजात आमची मालिका बघते, हे इक्कांना ठाऊक होतं. म्हणून त्यांची ती तऱ्हा. वाक्य टाइप झालं की ते मनाशी वाचायचे, स्वतःच्या नाही, तिच्या चालीनं. ओठ हलवत, शब्दाशब्दाला थांबत. शेवटचा शब्द ओठांवरून गेला की मगच बोट खाली, ठोकळा बंद. सासूसुनांची जुंपली की त्यांची पंचाईत व्हायची. सासू चार शिव्या घालायची, इक्का दोनच लिहायचे.

"बाकीच्या कुठं गेल्या?" मी.

"चारही वाचायला तिला वेळ कुठला? त्यातल्या बऱ्या दोन ठेवल्यात."

हे सगळं मी चालवून घेतलं. पण गेल्या वर्षी एका भागात आरोपी रडत म्हणाला, "माझ्या हातून तिचा जीव गेला," आणि ते वाक्य पुढच्या दृश्यात शांतपणे चहा पिणाऱ्या फौजदाराच्या तोंडाखाली तसंच उभं राहिलं. लोकांनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले, पोटं धरून हसले. मला चेची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या कंपनीच्या नीतूचा कोचीहून फोन आला. म्हणाली, चेची, असं पुन्हा झालं तर काम दुसरीकडे जाईल, माझ्या हातात काही नाही. माझ्याकडे आणखी दोघी मुली कामाला. त्यांचं काय करायचं मी?

त्या दिवशी मी इक्कांना नाही नाही ते बोलले. शेवटी मी म्हणाले, "तिथं बसून तिला पुरतंय की नाही हे तुम्हाला कळतं का तरी? तीन वर्षांत तिचे डोळे बघितलेत तुम्ही?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तेच तर. मी आपला आठवून आठवून करतो. विलासिनी, ईदला ती येतेय. एकदा शेजारी बसून तिच्या डोळ्यांकडे बघतो, कुठं अडते, कुठं नाही. कमी वेळात भागत असेल तर तू म्हणशील तसं कापतो. ईदपर्यंत थांब."

मी थांबले. तोवर त्यांचे भाग घरी नेऊन मी स्वतः शेपटं कापायची आणि कोचीला धाडायची. त्यांना सांगितलं नाही. शारजात बिय्यात्तूला अर्ध्याच ओळी मिळत असणार, हे माहीत असूनही कापत होते. पर्याय काय होता मला?

ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं. गेले तर घर ओळखू येईना. नवा पडदा, नवी चादर, टीव्ही भिंतीवरून काढून खुर्चीच्या अगदी जवळ आणलेला. बिय्यात्तूइत्ता, मी तिला मोठ्या बहिणीसारखी इत्ता म्हणते, अंगानं भरली होती. माझे हात धरून म्हणाली, "पोरी, किती वाळलीस गं."

"कामानं, इत्ता. तुमचे हे काय कमी ताप देतात?" मी नेहमीप्रमाणे ओठ ताणून, मोठ्यानं, सावकाश म्हणाले.

"ओरडू नकोस, येतंय ऐकू," ती हसून म्हणाली आणि ओढणी मागं सारली. कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र. रम्लानं शारजात बसवून दिलं होतं. उप्पाला एकदम समोर आल्यावरच कळू दे, म्हणून आधी सांगितलं नव्हतं.

मी इक्कांकडे बघितलं. ते पत्तिरी, तांदळाच्या पातळ भाकऱ्या, वाढत होते. "छान झालं की नाही?" ते म्हणाले. "अगदी छान झालं," मीही म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. तिला कावळा ऐकू येत होता, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

जेवणं झाल्यावर इक्कांनी मालिका लावली. मी न कापलेला, त्यांचा स्वतःचा भाग संगणकावरून आणून ठेवला होता त्यांनी. बिय्यात्तूला खुर्चीत बसवलं आणि आपण स्टूल घेऊन तिरपे बसले, टीव्हीकडे पाठ, तिच्या डोळ्यांकडे तोंड. मालिकेतली आई बोलायला लागली. बिय्यात्तू जरा ऐकत राहिली, मग मान इकडेतिकडे करायला लागली.

"अहो, ती खालची अक्षरं काढा ना. पोरीची साडी दिसत नाही धड. आणि जातही नाहीत लवकर, कोण बसवतं असली?"

रम्लानं तिला कधी सांगितलंच नव्हतं, की तिचा नवरा नेमकं काय काम करतो. ती जायच्या आधी इक्कांनी सांगितलं असेल, पण हातवाऱ्यांनी कितीसं कळतं? आणि संदेशात स्वतःबद्दल असलं काही लिहिणाऱ्यातले ते नाहीत. मी बोलायला तोंड उघडलं, तर इक्कांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. रिमोट उचलून त्यांनी अक्षरं काढली आणि स्टूल वळवून टीव्हीकडे तोंड करून बसले. मला त्या घरात बसवेना. निरोप घेऊन मी लगेच निघाले.

ईदची सुट्टी संपली तसे इक्का कामावर आले. संध्याकाळी बघते तर त्यांचा पडदा स्वच्छ, एकही लाल ठोकळा नाही. तोंड मिटलं की अक्षर गेलं. सासूच्या चारही शिव्या जागच्या जागी. नीतूचा फोन आला, चेची, आता कसं झकास झालंय. ज्यासाठी इतकी वर्षं भांडले ते मिळालं होतं आणि मला रडू येत होतं. त्यांना म्हणावंसं वाटलं, ओढा हो थोडी शेपटं, मी कापीन घरी.

बिय्यात्तू परत शारजाला गेली. जुळ्यांची शाळा होती. आता मात्र तिला फोन करता येतो. परवा दुपारी जेवण झाल्यावर इक्कांनी दुकानातूनच लावला, आवाज मोठा करून, म्हणजे मलाही ऐकू येत होतं.

"बिय्यात्तू, आज हॉटेलात सुरमई केली होती," ते म्हणाले आणि थांबले.

"हॅलो?" ती म्हणाली. "हॅलो, ऐकू येतंय ना?"

"येतंय. तू करतेस तशी नाही झाली," ते म्हणाले आणि पुन्हा थांबले.

"हॅलो? हॅलो? रम्ला, बघ गं, लाइन गेली वाटतं." आणि फोन बंद झाला.

"इक्का, भराभरा बोला ना, तिला आता ऐकू येतं," मी म्हणाले.

 फोन त्यांच्या हातात तसाच होता आणि ओठ हलत होते, शब्दाशब्दाला थांबत. त्यांच्या लेखी ते वाक्य तिचं अजून वाचून व्हायचं होतं.