आक्कांच्या मंडळातून नाव काढणं

आक्कांच्या वधू-वर मंडळात नाव घालणं सोपं होतं, काढणं अवघड. घालायला फॉर्म, फोटो आणि पत्रिका पुरे. काढायला मात्र समक्ष जावं लागे. लग्न ठरल्याचे पेढे घेऊन आलेल्यांना आक्का आधी बसवत, कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे फिरवत आणि म्हणत, "बघा हं, काढते. मागनं म्हणू नका काढलं न्हाय." मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्यांनी हे मंडळ वर्षानुवर्षं चालवलं. आता ते बंद आहे. आक्का गडहिंग्लजला मुलाकडे असतात.

कागदावरचे फोटो त्या परत करत, तेही मुलीच्याच हातात. एकदा एका वडिलांनी हात पुढे केला. "पावणं, फोटो कुणाचा हाय? तुमचा असता तर कुणी पसंत केला असता का?" वडीलही हसले. फीची पावती तेवढी त्या हिशेबासाठी ठेवत. पगार, जन्मवेळ, चष्म्याचा नंबर, यातलं काही ठेवत नसत. "काम झालं की लोकांच्या घरातलं आपल्याकडं कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

माझ्या मुलीचं, मेघनाचं, नाव मी तिथे घातलं होतं. ती डेंग्यूने गेली. तेरावं झाल्यावर मी कामाला लागले: बँक, रेशनकार्ड, मोबाइल नंबर, मंडळ. मला तेच जमतं. रडू येत नव्हतं, कामं होत होती. आक्कांनी नेहमीसारखा पडदा फिरवला आणि नाव काढलं.

काही महिन्यांनी निपाणीहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. "मुलीचा फोटो आवडला. बघायला कधी येऊ?"

"लग्न ठरलं तिचं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. कुकर लावला. मग आक्कांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. "चूक माझी हाय. कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीवाल्यानं जुना बॅकअप घातला. काढलेली नावं सगळी परत आली, आणि मी न बघताच यादी गावोगावच्या मध्यस्थांना धाडली. ज्यांची ज्यांची नावं गेली त्या सगळ्यांना सांगणार हाय. तुझ्याकडं आधी आले."

तो बॅकअप त्यांनी सकाळीच पुसून घेतला होता. मग माझ्या सोफ्यावर बसून, यादी गेलेल्या एकेका मध्यस्थाला फोन लावले. इचलकरंजीचे एक गृहस्थ स्पीकरवर होते.

"काढलं की आक्का."

"कशातनं? ग्रुपमधनं का गॅलरीतनं?"

"दोन्हीतनं."

"आणि वहिनींच्या फोनातनं?"

"हिच्याकडं असंल अजून."

"द्या त्यांच्याकडं फोन. आणि पुढं कुणाला धाडलंय तेबी सांगा. मी थांबते."

दुपार त्यातच गेली. मी ऐकत भाजी निवडत होते.

शेवटी आक्कांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. मेघनाला स्टुडिओतला फोटो आवडला नव्हता, म्हणून आक्कांनीच गिरणीच्या गच्चीवर तिचा एक काढला होता. हिरवी साडी, वाऱ्याने तोंडावर आलेले केस, आणि हसू आवरत नाहीये. मी तो कधी पाहिलाच नव्हता.

"हा यादीत गेलाच न्हाय. लई गोड आला म्हणून माझ्याकडंच ऱ्हायला. ऱ्हायला नको हुता. तुला धाडते. पोचला का बघ."

"पोचला."

"मग माझ्याकडचा तूच काढ. तिच्या माघारी तूच की."

मी बोट ठेवलं. कायमचा काढायचा का, असं फोनने विचारलं. आक्कांनी घाई केली नाही. मी 'हो'वर दाबलं.

"झालं," आक्का म्हणाल्या. "आता कुणी बघायला येणार न्हाय."

मी चहा टाकायला उठायला गेले. आणि रडू आलं.